जन्माचा दाखला आणि मतदाराचा कौल

जन्माचा दाखला ही वस्तू एरवी घरातील ट्रंकेच्या तळाशी पडलेली असते. शाळेत नाव घालताना किंवा नोकरीच्या वेळी ती बाहेर येते आणि काम झाले की पुन्हा आत जाते. परंतु २७ एप्रिल २०११ रोजी अमेरिकेच्या अध्यक्षाने आपल्या जन्माचा सविस्तर दाखला साऱ्या जगापुढे मांडला. बराक ओबामा यांना त्या पदावर येऊन तेव्हा दोन वर्षे उलटून गेली होती. कोट्यवधी मतदारांनी ज्याला निवडले, त्याला आपण याच देशात जन्मलो हे पुन्हा दाखवून द्यावे लागावे, ही घटना विचार करण्याजोगी आहे.

या प्रकाराचे मूळ अमेरिकेच्या राज्यघटनेत आहे. १७८७ मध्ये ती तयार झाली, तेव्हा राष्ट्र नवे होते आणि युरोपातील राजघराण्यांच्या कारस्थानांचे भय खरे होते. सेनेचे आधिपत्य जन्मसिद्ध नागरिकाखेरीज इतर कोणाकडे जाऊ नये, अशी सूचना जॉन जे यांनी जॉर्ज वॉशिंग्टन यांना पत्राने केली होती. अध्यक्षाचे वय किमान ३५ वर्षे असावे, त्याने देशात १४ वर्षे वास्तव्य केलेले असावे आणि तो जन्मसिद्ध नागरिक असावा, असा नियम झाला. पहिल्या दोन अटी मोजता येतात. तिसरीचा अर्थ मात्र घटनेने सांगितला नाही. परदेशात अमेरिकन आईबापांच्या पोटी जन्मलेले मूल जन्मसिद्ध नागरिक म्हणावे काय? अध्यक्षपदाच्या उमेदवाराच्या संदर्भात या प्रश्नाचा अंतिम निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने आजवर दिलेला नाही.

जेथे निर्णय नाही तेथे वदंतेला वाव मिळतो. चेस्टर आर्थर १८८० मध्ये उपाध्यक्षपदासाठी उभे असताना ते मुळी कॅनडात जन्मले, अशी आवई उठली. पुढे १८८४ मध्ये एका वकिलाने त्यावर पुस्तकही काढले. १९६८ च्या निवडणुकीसाठी पुढे आलेले जॉर्ज रॉम्नी मेक्सिकोत जन्मले होते, म्हणून त्यांच्या पात्रतेची चर्चा झाली. २०१६ मध्ये टेड क्रूझ यांच्या कॅनडातील जन्मावरून तोच वाद पुन्हा रंगला.

परंतु या प्रश्नाचे खरे स्वरूप २००८ च्या निवडणुकीत उघड झाले. रिपब्लिकन पक्षाचे जॉन मॅकेन १९३६ मध्ये पनामा कालव्याच्या प्रदेशात, म्हणजे अमेरिकेच्या मुख्य भूमीबाहेर, जन्मले होते. कायद्याचा काही प्रश्न असलाच तर तो त्यांच्या बाबतीत होता. परंतु सिनेटने एकमताने ठराव करून त्यांना पात्र मानले आणि त्या ठरावाच्या पुरस्कर्त्यांत स्वतः ओबामाही होते. उलट ओबामा १९६१ मध्ये होनोलुलू येथे, अमेरिकेच्याच हवाई राज्यात, जन्मले. तरी त्यांच्यावरील संशय वर्षानुवर्षे पुरला. त्यांचे वडील केनियाचे होते, नाव अनोळखी होते आणि वर्ण काळा होता. यावरून असे दिसते की, संशयाचा जोर पुराव्याच्या उणिवेवर अवलंबून नव्हता. उमेदवार किती 'आपल्यातला' वाटतो यावर तो अवलंबून होता.

मग मतदाराने काय करावे? न्यायालयात जावे, तर सामान्य मतदाराचे स्वतःचे असे वेगळे नुकसान झालेले नाही, या कारणावरून असे अनेक दावे ऐकून न घेताच निकालात निघाले. अशा वेळी मतदाराला जो प्रश्न सोडविता येत नाही, तोच त्याच्या माथी येतो आणि तो आपल्या आवडीनिवडीप्रमाणे त्याचा निकाल लावतो. गॅलप संस्थेच्या एप्रिल २०११ च्या पाहणीत शेकडा २४ लोकांना ओबामा निश्चित किंवा बहुधा परदेशात जन्मले असे वाटत होते. दाखला प्रसिद्ध झाल्यावर मे महिन्यात हे प्रमाण १३ वर आले. म्हणजे पुराव्याने काहींचे समाधान झाले. उरलेल्यांना पुरावा नकोच होता.

याहून खोल जखम दुसऱ्याच मतदाराला होते. कमला हॅरिस १९६४ मध्ये कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे जन्मल्या. पण आई भारतातून आणि वडील जमैकातून आलेले, म्हणून २०२० मध्ये त्यांच्याही पात्रतेवर आक्षेप निघाला. त्यांच्यासारखेच आईबाप असलेल्या मतदाराने यातून काय समजावे? उमेदवाराचा दाखला मागितला जातो, तेव्हा आपल्याही नागरिकत्वाकडे कोणी तिरक्या नजरेने पाहत आहे, असे त्याला वाटल्यास नवल नाही.

बेळगाव-चिक्कोडीकडील श्रोत्यांना येथे श्री ठाणेदार यांचे नाव आठवेल. या भागात जन्मून ते अमेरिकेत गेले, तेथील नागरिक झाले आणि २०२२ मध्ये मिशिगन राज्यातून प्रतिनिधिगृहावर निवडून आले. अध्यक्षपद मात्र त्यांना घटनेनेच बंद आहे. हा नियम रास्त की अन्यायकारक, यावर मतभेद होऊ शकतात. पण तो उघड आहे आणि मतदाराला आधीच ठाऊक आहे. संशयाचे तसे नसते. त्याला ना मुदत, ना अपील.

भारतीय घटनाकारांनी या बाबतीत निराळी वाट धरली. येथे राष्ट्रपतीची निवड थेट मतदार करीत नाहीत, हा भेद खराच. तथापि ५८ व्या कलमाने उमेदवार भारताचा नागरिक असावा एवढेच म्हटले. जन्माने झालेला आणि नंतर झालेला नागरिक यांत फरक केला नाही. शिवाय ७१ व्या कलमाने या निवडणुकीसंबंधीच्या सर्व शंका व वाद यांचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाकडे सोपविला आणि तो अंतिम ठरविला.

उमेदवाराची पात्रता तपासणे गैर नाही. मतदाराचा तो हक्कच आहे. परंतु ती तपासणी मतदानापूर्वी, अधिकार असलेल्या जागी आणि सर्वांना एकाच मापाने व्हावयास हवी. पुरावा समोर आल्यानंतर आणखी किती पुरावा मिळाला म्हणजे आपले समाधान होईल, हे मतदाराने स्वतःला विचारावे. कितीही मिळाला तरी होणार नाही, असे उत्तर आले, तर त्याची शंका नागरिकत्वाविषयी नव्हे, माणसाविषयी आहे. आणि तिचे निवारण जन्माच्या दाखल्याने होत नसते.