सोसणे आणि चिकाटी

(खर्डा येथे कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिकाटी या विषयावर मी बोलावे असे सुचविण्यात आले, तेव्हा मी प्रथम थोडा बिचकलो. 'प्रयत्नांती परमेश्वर' हा सुविचार शाळेच्या फळ्यावर आपण सर्वांनीच लिहिलेला आहे. तो खोटा नाही. परंतु तो सांगणारा बहुधा पोटभर जेवलेला असतो आणि ऐकणारा उपाशी असतो, हाही आपला अनुभव आहे. कष्ट करा, धीर धरा, यश येईल, असे ज्यांना सांगितले जाते, त्यांनी आयुष्यभर कष्टांखेरीज दुसरे काय केले आहे? नुसत्या कष्टाने आणि धीराने दारिद्र्य हटत असते, तर बालाघाटाच्या या पठारावर एकही गरीब घर उरले नसते. म्हणून चिकाटीचे गुणगान करण्यापूर्वी तिची थोडी पारख करावी, असे मी ठरविले आहे.

सुरुवात या गावापासूनच करू. १७९५ सालच्या मार्च महिन्यात या परिसरात मराठे आणि निजाम यांची लढाई झाली. शिंदे, होळकर, भोसले, गायकवाड अशा सरदारांच्या फौजा पेशव्यांच्या निशाणाखाली एकत्र आल्या, आणि अशा एकत्र येण्याची ती अखेरचीच वेळ ठरली. निजामाला इथल्या किल्ल्याचा आसरा घ्यावा लागला आणि तो तहास आला. मुलूख मिळाला, मोठी खंडणी कबूल झाली. त्या विजयाचा अभिमान आपण आजही बाळगतो. पण पुढे काय झाले? त्याच वर्षी ऑक्टोबरात सवाई माधवराव वारले, गादीचे तंटे सुरू झाले, आणि १७९६ साली नाना फडणविसांना निजामाचे साह्य मिळविण्यासाठी खर्ड्याच्या तहातील लाभांवर पाणी सोडावे लागले. तेवीस वर्षांत, १८१८ साली, पेशवाईच बुडाली. विजय एका दिवसात मिळू शकतो. तो पचविण्यासाठी वर्षानुवर्षांची एकजूट लागते, हा खर्ड्याचा धडा आहे. तहसील कचेरीवर मोर्चा नेऊन, निवेदन देऊन, आश्वासन घेऊन आपण घरी परततो आणि पुढच्या महिन्यात त्या निवेदनाचे काय झाले याची चौकशीही करीत नाही. तेव्हा आपणही एक लहानसे खर्डेच जिंकून हरत असतो.

आता दुसरी गोष्ट. या सभेतील वडीलधाऱ्यांना १९७२चा दुष्काळ आठवत असेल. विहिरी आटल्या, जनावरे बाजारात मातीमोलाने गेली, माणसे खडी फोडायला बसली. १९७३च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातील दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसे राबत होती. परदेशातून आलेला मिलो खाऊन आणि डोक्यावर पदर घेऊन आपल्या आयाबहिणींनी ते दिवस काढले. त्यांनी जे केले त्याला आपण चिकाटी म्हणतो. मला त्यात एक भेद करावासा वाटतो. दुष्काळ अंगावर झेलणे हे सोसणे होते. त्यांच्यासमोर दुसरा मार्गच नव्हता. परंतु त्याच कामांवरील मजुरांनी जेव्हा वेळेवर मजुरीसाठी आणि पुरेशा कामासाठी मोर्चे काढले, आणि काम ही सरकारची मेहेरबानी नसून आमचा हक्क आहे असे म्हटले, तेव्हा सोसण्याची चिकाटी झाली. वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमीच्या कल्पनेमागे या मजुरांचे बळ उभे राहिले. १९७७ साली विधिमंडळाने हमीचा कायदा केला, २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला, आणि २००५ साली देशाच्या संसदेनेही रोजगार हमीचा कायदा केला. खडी फोडणाऱ्या हातांनी कायदा घडविला, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

माणूस सोसतो तेव्हा त्याला दिवस ढकलायचा असतो. चिकाटी धरतो तेव्हा त्याने काहीतरी घट्ट पकडून ठेवलेले असते. मग प्रश्न असा की, सोसणाऱ्याच्या हाती असे पकडण्यासारखे काय द्यावयाचे?

याचे उत्तर शोधायला फार लांब जाण्याची गरज नाही. इथून वीस-पंचवीस किलोमीटरांवर जामखेड आहे. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य १९७० साली तेथे आले. वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयात दोघांचे शिक्षण झाले होते. तत्पूर्वी आपल्याच जिल्ह्यातील वडाळ्याच्या रुग्णालयात काम करताना त्यांना एक गोष्ट टोचत राहिली होती. रोगी बरा होऊन गावी जातो आणि काही महिन्यांनी त्याच रोगाने पुन्हा दाराशी येतो. गावात स्वच्छ पाणी नाही, लेकराच्या पोटात अन्न नाही, बाळंतिणीपाशी जाणते माणूस नाही; मग दवाखाना कितीही चांगला असला तरी गाव निरोगी कसे व्हावे? अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन ते परतले आणि मोठ्या शहरातील वैद्यकी सोडून त्यांनी हा अवर्षणाचा मुलूख निवडला.

पहिल्या प्रयत्नातच सारे साधले, असे मुळीच नाही. त्यांनी प्रथम शिकलेल्या परिचारिका खेड्यांत पाठविल्या. त्या तेथे रुजल्या नाहीत, आणि गावकऱ्यांनाही त्या आपल्या वाटल्या नाहीत. तेव्हा गावातीलच बाई निवडावी आणि तिला शिकवावे, असा विचार पुढे आला. गावांनी बायका निवडल्या. त्यांतील बहुतेक निरक्षर होत्या, कित्येक दलित होत्या, कोणी विधवा, कोणी नवऱ्याने टाकलेल्या. आठवड्याच्या आठवड्याला त्या जामखेडला येत, एकत्र जेवत, एकत्र राहत, शिकत आणि गावी परतून शिकलेले वापरून पाहत. ज्या बाईच्या हातचे पाणी गाव पीत नव्हते, तिने सवर्णाच्या घरातील बाळंतपण करावयाचे होते! तिची टवाळी झाली, दारे बंद झाली, स्वतःच्या घरातून विरोध झाला. तरीही ती पुढच्या आठवड्याला पुन्हा जामखेडच्या वाटेला लागली. साथींनो, चिकाटी या शब्दाचा अर्थ मला येथे सापडतो.

दुष्काळात लोकांची पहिली मागणी औषधाची नव्हती, पाण्याची होती. प्रकल्पाने कूपनलिका घेतल्या, हातपंप बसविले, आणि त्यांच्या जागा दलित वस्त्यांत निवडल्या. पाणी हवे असेल, तर सगळ्या गावाने तेथे यावे! बाबा आढावांची 'एक गाव एक पाणवठा' ही मोहीमही त्याच काळातली. आरोग्य, पाणी आणि जात हे तीन वेगळे प्रश्न नाहीत, हे या खेड्यांनी प्रत्यक्ष अनुभविले. १९७१च्या सुमारास या प्रकल्पाच्या गावांत जन्मणाऱ्या दर हजार बालकांपैकी १७६ बालके वर्षाच्या आत दगावत होती. १९९०च्या दशकात हे प्रमाण तिशीच्या आत आले. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, आणि देशोदेशींची माणसे हे काम पाहण्यास जामखेडला येऊ लागली. मेबलताई १९९९ साली गेल्या, डॉक्टर २०११ साली गेले. काम मात्र थांबले नाही, कारण ते गावोगावच्या बायकांच्या हातांत होते.

या बायकांकडे पूर्वी धीर कमी होता काय? मुळीच नाही. त्या आधीही तितकेच सोसत होत्या. त्यांना तीन गोष्टी मिळाल्या: ज्ञान, एकमेकींची सोबत, आणि आपल्या शब्दाला किंमत आहे हा अनुभव. सोसण्याची चिकाटी होण्यास एवढे पुरले. मात्र यासाठी दोन निष्ठावंत डॉक्टर होते, बाहेरची मदत होती, हेही नाकारता येणार नाही. प्रत्येक तालुक्याला आरोळे मिळत नाहीत. म्हणूनच जे जामखेडात निष्ठेने झाले, ते सर्वत्र हक्काने व्हावे, अशी मागणी आपल्याला करावी लागते.

ती का करावी लागते, हे पाहायचे असेल तर दिवाळीनंतर आपल्याच भागातील गावांकडे पाहा. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी कोयता घेऊन साखरपट्ट्याकडे निघतात. पहाटेपासून रात्रीपर्यंत ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची. एक दिवस खाडा झाला तर दंड. म्हणून बाई अंगावर दुखणे काढते, पाळीच्या दिवसांतही फडात उभी राहते. २०१९ साली शेजारच्या बीड जिल्ह्यात शासनाच्या समितीने पाहणी केली, तेव्हा पाहणीतील सुमारे ब्याऐंशी हजार ऊसतोड स्त्रियांपैकी तेरा हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. या स्त्रियांना आता कोणी चिकाटीचा उपदेश करावा? त्यांच्या धीराची तर अखेरच्या थेंबापर्यंत पिळवणूक झाली आहे, उसासारखीच. ज्ञान नाही, संघटना नाही, हक्क नाही, अशा ठिकाणी धीर हा गरिबाचा गुण न राहता मालकाचे भांडवल होतो.

शेवटी आशाताईंविषयी. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि देशभर गावातीलच बाईला आरोग्याचे काम देण्यात आले. जामखेडसारख्या प्रयोगांनी जी वाट दाखविली, त्याच वाटेने शासन आले, याचा आनंद आहे. परंतु बाई घेतली आणि तिचा हक्क मागे ठेवला! तिला कर्मचारी न म्हणता स्वयंसेविका म्हटले. पगाराऐवजी कामागणिक मोबदला दिला. करोनाच्या साथीत ती दारोदार हिंडली आणि तिच्या सेवाभावाच्या कौतुकाला सीमा राहिली नाही. कौतुकाने चूल पेटत नाही. म्हणून ऑक्टोबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातील आशांनी संप केला. आश्वासन मिळाले, संप मागे घेतला गेला. आश्वासनाचा शासननिर्णय निघेना, तेव्हा जानेवारी २०२४ मध्ये त्या पुन्हा संपावर गेल्या आणि मुंबईच्या आझाद मैदानात मुक्काम ठोकून बसल्या. मार्चमध्ये शासनाला मोबदलावाढीचा निर्णय काढावा लागला. हे यश अपुरे आहे. त्या अजूनही कायम कर्मचारी नाहीत. पण एक गोष्ट पाहा. आश्वासनावर समाधान मानून त्या घरी बसल्या नाहीत. तह कागदावर उतरावा यासाठी त्यांनी पाठपुरावा सोडला नाही. खर्ड्याच्या विजेत्यांना जे साधले नाही, ते या बायकांनी करून दाखविले.

मित्रहो, आपण कार्यकर्ते आहोत. लोकांना धीर धरा असे सांगत फिरणे हे आपले काम नव्हे. तो त्यांच्यापाशी आपल्याहून अधिक आहे. त्या धीराला पकड मिळवून देणे हे आपले काम आहे, आणि त्यासाठी चिकाटी आपल्याला लागणार आहे. प्रत्येक गावात एक वही ठेवा. कोणता हातपंप बंद आहे, कोणाची मजुरी थकली आहे, कोणती कुटुंबे कोणत्या मुकादमाकडे गेली आहेत, त्यांतील आजारी कोण आहे, याची नोंद करा. दिलेले निवेदन कोणत्या टेबलावर आहे, हे दर महिन्याला जाऊन विचारा. साहेब कंटाळतील, त्यांना कंटाळू द्या. या कामाचा फोटो वर्तमानपत्रात येणार नाही आणि त्यावर कोणी हारही घालणार नाही. निवडणूक आली की उत्साह येतो आणि गेली की ओसरतो, ही सवय मोडायची असेल, तर दुसरा उपाय मला दिसत नाही.

जामखेडची ती निरक्षर बाई पहिल्या दिवशी टवाळी झाल्यावर घरी बसली असती, तर तिला कोणीच दोष दिला नसता. ती पुढच्या आठवड्याला पुन्हा निघाली. आपणही पुढच्या महिन्यात येथेच, आपापल्या वह्या घेऊन पुन्हा भेटू.