चिंचेच्या गावी आपले स्वागत



इस्लामी जग आणि ख्रिस्ती समाज यांच्या खाद्यसंबंधांवरची परिषद सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरच्या आमच्या चिंचपाडा या लहानशा गावात भरते आहे, याचा आम्हाला फार अभिमान वाटतो. आमच्या शेजारचे नवापूर स्थानकही जरूर पाहा. त्याचा अर्धा फलाट महाराष्ट्रात, अर्धा गुजरातेत.

पण आमचे खरे वैभव म्हणजे चिंचपाडा ख्रिश्चन हॉस्पिटल. १९४२ पासून ते नवापूर तालुक्यातल्या आदिवासी कुटुंबांचा आधार आहे. किती जणांचा जन्म तिथे झाला, किती जण तिथून आपल्या पायांनी चालत घरी आले! माझ्या लहानपणी रुग्णांचे नातलग आवारात तीन दगडांची चूल मांडत. मडक्यात तुरीची डाळ रटरटे, उतरवण्याआधी तिच्यात चिंचेचा कोळ पडे. शेजारच्या चुलीवर एखाद्या मुसलमान कुटुंबाचा रस्सा शिजत असे आणि वाटीभर रस्सा इकडे, दोन भाकऱ्या तिकडे जात. हॉस्पिटलच्या या ऋणाबद्दल बोलावे तितके थोडेच.

आपल्या विषयाशी आमचे नाते जोडते तीही चिंचच. इब्न सीनाने आपल्या वैद्यकग्रंथात तिची नोंद केली. बाराव्या शतकात स्पेनमधल्या तोलेदोला त्या ग्रंथाचे लॅटिन भाषांतर झाले आणि अरबी वैद्यकाचे चिंचेविषयीचे ज्ञान ख्रिस्ती युरोपात पोचले. पुढे पोर्तुगीजांनी आणलेली मिरची दख्खनच्या सुलतानी मुलखातल्या स्वयंपाकात अशी रुळली, की आज नंदुरबारच्या वाळवणाच्या पथारी तिने लाल झालेल्या दिसतात. अधिक सांगण्याचा अधिकार आपला.

व्यवस्थेत उणिवा राहिल्या आहेत, त्यांची मला रात्रंदिवस काळजी आहे. गावात मोठे लॉज नाही, म्हणून आश्रमशाळेत गाद्या घातल्या आहेत. पाणी टँकरचे आहे, वीज मध्येच गेली तर जनरेटर सुरू होईपर्यंत थोडा धीर धरावा. ज्येष्ठांना जिना चढावा लागला, त्याबद्दल हात जोडून क्षमा मागतो.

नवापूरच्या कुक्कुटपालकांनी कोंबड्या दिल्या, डाळ मिलवाल्यांनी तूरडाळ, शेतकऱ्यांनी तांदूळ, मंडपवाल्यांनी भाडे सोडले. बचत गटाच्या भगिनी पहाटेपासून भाकऱ्या थापत आहेत, तरुण मंडळी स्थानकावर उभी आहेत. या सर्वांचे मनापासून आभार.

पहिली पंगत साडेबाराला बसेल. पथ्य असणाऱ्यांनी आणि संध्याकाळच्या गाडीने परतणाऱ्यांनी आपली नावे कृपया आताच स्वागत कक्षात नोंदवावीत.