पीठ आणि शाळा



गाझाला मदत म्हटलं की डोळ्यांसमोर पिठाची पोती येतात. ती हवीतच. २ मार्च २०२५ पासून अकरा आठवडे इस्राएलने ती आत जाऊ दिली नाहीत. ऑगस्टमध्ये गाझा शहरात दुष्काळ जाहीर झाला. पाऊस पडला नाही म्हणून नव्हे, ट्रक नाक्यावर अडवले म्हणून.

पण मला शाळेबद्दल बोलायचंय. पॅलेस्टिनी निर्वासितांसाठी संयुक्त राष्ट्रांनी १९४९ साली 'उन्रवा' ही संस्था काढली. तिचा निम्म्याहून जास्त नियमित खर्च शिक्षणावर होतो. शिक्षकही बहुतेक निर्वासित घरांतलेच. युद्धाआधी गाझातली जवळपास ३ लाख मुलं या शाळांत होती. नंतर त्याच वर्गखोल्यांत बेघर कुटुंबं राहू लागली, आणि त्यांच्यावरही बॉम्ब पडले. जमीन गेली, गाव गेलं, की पोरांना शिकवणं एवढंच हातात उरतं. शिष्यवृत्ती अडकली की कुणाचं वर्ष बुडतं, हे इथे बसलेल्यांना वेगळं सांगायला नको.

जानेवारी २०२४ मध्ये उन्रवाच्या काही कर्मचाऱ्यांवर ७ ऑक्टोबरच्या हल्ल्यात सामील असल्याचा आरोप झाला. अमेरिकेसह अनेक देशांनी निधी थांबवला. चौकशी व्हायलाच हवी होती. पण शिक्षा वर्गातल्या पोरांना का? चौघांवर संशय आणि अख्खी वस्ती गुन्हेगार, हा न्याय आपल्या ओळखीचा आहे. बाकीचे बहुतेक देश परत आले, अमेरिका नाही.

भारत सरकार उन्रवाला वर्षाला ५० लाख डॉलर देत आलंय. तो आकडा वाढवा, अशी लेखी मागणी आपल्या विद्यार्थी संघटनांनी आपापल्या खासदारांकडे करावी.