सामायिक खरेदी आणि सार्वजनिक विश्वास



या स्मृतिव्याख्यानासाठी मी सरकारी खरेदीसारखा रुक्ष विषय का निवडला, असे आपणांस वाटले असेल. परंतु सरकारी रुग्णालयात ‘औषध संपले, बाहेरून आणा’ असे सांगितले जाते, तेव्हा या रुक्षपणाची किंमत गरीब रुग्णच मोजत असतो.

प्रत्येक कार्यालयाने स्वतंत्र निविदा काढली की एकाच गोळीचे दर निरनिराळे पडतात आणि दर्जा पारखण्याचे कौशल्य कोठेच पुरेसे उरत नाही. तामिळनाडूने यावर उपाय योजला. १९९४ साली तेथे वैद्यकीय सेवा महामंडळ स्थापन झाले आणि जानेवारी १९९५ पासून त्याचे काम सुरू झाले. अत्यावश्यक औषधांची यादी ठरवून, व्यापारी नावांऐवजी मूळ नावांनी, राज्यातील सरकारी रुग्णालयांसाठी एकत्रित खरेदी होऊ लागली. जिल्ह्याजिल्ह्यांत गोदामे उभी राहिली. आलेल्या मालाचे नमुने उत्पादकाची ओळख झाकून प्रयोगशाळांकडे जाऊ लागले.

एकत्र घेतले की स्वस्त पडते, हे घरची गृहिणीही जाणते. मला अधिक मोलाची वाटते ती तेथील पासबुकाची योजना. प्रत्येक रुग्णालयाच्या वाट्याची रक्कम त्याच्या पासबुकात नोंदलेली असते. त्या मर्यादेत कोणते औषध किती उचलावयाचे, हे रुग्णालयच ठरवते. निविदा, तपासणी, साठवण ही कामे सामायिक. गरजेचा निर्णय मात्र रुग्णाजवळच्या डॉक्टरांचा. राजस्थाननेही २०११ साली असे महामंडळ उभारले आणि त्याच वर्षी २ ऑक्टोबरपासून मोफत औषध योजना सुरू केली.

यात धोका नाही असे मी म्हणणार नाही. एका कार्यालयाची निविदा रखडली तर एका गावाची अडचण होते. सामायिक यंत्रणेची रखडली तर साऱ्या राज्याची. म्हणून पुरवठादाराचे देणे वेळेवर चुकते करणे, साठ्याची नोंद रोज ठेवणे आणि निकृष्ट माल देणाऱ्यास निर्भयपणे दूर करणे, ही पथ्ये पाळावीच लागतात. केवळ नवी संस्था काढल्याने ती पाळली जात नाहीत.

विद्यार्थिमित्रहो, उद्या तुमच्यापैकी काहींच्या सहीने सार्वजनिक पैसा खर्च होईल. सचोटी तर हवीच. पण सचोटीला सुघड व्यवस्थेची जोड नसेल, तर प्रामाणिक माणूसही हतबल होतो. अशी व्यवस्था घडवणे हेही विद्येचेच काम आहे, एवढे सांगून मी आपली रजा घेतो.