अर्ज पोचला, पोच आली नाही

नागभीड तालुक्यातली जी मुलंमुली वेबसाइट बनवायची कामं घेतात, त्यांच्याशीच आज बोलायचं आहे. सेतू केंद्रात बसणाऱ्यांनीही ऐकावं. शिव्या शेवटी त्यांनाच खाव्या लागतात.

2024 च्या जुलैत लाडकी बहीण योजनेच्या अर्जांना केंद्रांवर रांगा लागल्या होत्या, आठवतं? पावसाचे दिवस, नेट रखडलेलं, 'सादर करा' दाबलं की चक्र फिरतच राहायचं. माणूस पुन्हा दाबणारच. तुम्ही म्हणता, लोकांना धीर नाही. अरे, अर्ज वाटेत हरवला की अर्ज पोचून पोच हरवली, हे त्या बिचाऱ्याला कळणार कसं? त्याला नुसतं चक्र दिसतं.

तुम्ही बटण बंद करता आणि हात झटकता. पान रिफ्रेश केलं की बटण पुन्हा चालू! अर्ज घेतल्यावर 303 चा निरोप देऊन पावतीच्या वेगळ्या पानावर धाडायची सोय 1997 पासून आहे, ती जरूर वापरा. पण तो निरोपच हरवला तर?

आपली राईस मिल बघा. धानाचं पोतं उतरवतानाच नंबरची चिठ्ठी मिळते, भरडाईनंतर नाही. तीच चिठ्ठी पुन्हा दाखवली तर मिलवाला म्हणतो, "हे तर झालं ना जी," आणि तांदूळ पुढे करतो. भांडत नाही, दुसरं पोतं मागत नाही. फॉर्म उघडतानाच असा नंबर द्या. तोच नंबर परत आला की जुनीच पावती दाखवा. लाल अक्षरात 'चूक' नको!

कुणी नवी चिठ्ठी घेऊन आला, तरी मिलवाला पोतं ओळखतो. तसंच धानाच्या नोंदणीत आधार, गट क्रमांक आणि हंगाम मिळून एकच नोंद, असं बंधन डेटाबेसवरच घाला. नुसतं आधार नको, एकाच शेतकऱ्याचे दोन गट असतात. कोडमध्ये 'आधी शोधू, नसेल तर लिहू' केलंत, तर एकाच क्षणी आलेल्या दोन्ही अर्जांना 'नाही' असं उत्तर मिळतं आणि दोन्ही लिहिले जातात.

पुन्हा सांगतो, पोच हरवते. दुसऱ्यांदा दाबणं हा गुन्हा नाही. फी कापली जाते तिथं तर फॉर्मचा हाच नंबर बँकेपर्यंत जायला हवा, नाहीतर... पण निवेदक ताई घड्याळ दाखवताहेत. हे नंबर किती दिवस जपायचे, तेही राहिलंच.