स्पर्धकाचं सॉफ्टवेअर उघडताना



आपल्या पुण्याजवळच्या निगडीतून भोसरी, तळवडे, चाकण, हिंजवडी हे कारखान्यांचे आणि आयटी कंपन्यांचे भाग सगळेच जवळ. तुम्हा पदवीधरांपैकी कित्येक जण आज एका कंपनीत, तर तीन वर्षांनी तिच्याच स्पर्धकाकडे असतील. कधीतरी साहेब म्हणतील, "त्यांचं सॉफ्टवेअर हे कसं करतं, जरा बघ." मला त्याबद्दलच बोलायचंय.

बघणं हा गुन्हा नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या 52 व्या कलमात 1999 साली तशी मुभा आली. रीतसर मिळालेला प्रोग्राम त्याच्या नेमून दिलेल्या कामासाठी चालवताना न्याहाळून, तपासून त्यामागची तत्त्वं समजून घेता येतात. आपला स्वतंत्र प्रोग्राम त्याच्याशी जोडायला लागणारी माहिती सहज मिळत नसेल, तर तीही काढता येते. कोड उचलायचा आणि व्हेरिएबलची नावं बदलायची, हे मात्र यात बसत नाही. पेटंट आणि लायसन्सचा करार या आणखी वेगळ्या भानगडी. हक्कभंगाच्या हेतूने डिजिटल संरक्षण तोडलं, तर 2012 साली आलेल्या 65अ कलमाखाली दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

मग सचोटीने करायचं कसं? आयबीएमने 1981 मध्ये पीसी आणला, तेव्हा त्यातल्या बायॉसचा, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामचा, कोड तांत्रिक पुस्तिकेत चक्क छापलेला होता. मोह केवढा! पण तसाच चालणारा स्वतःचा बायॉस बनवताना कॉम्पॅक आणि पुढे फिनिक्स या कंपन्यांनी कामाची दोन दालनं केली. एका गटाने बायॉस काय करतो एवढंच लिहून काढलं. आयबीएमचा कोड कधीही न पाहिलेल्या दुसऱ्या गटाने त्या टिपणावरून नवा लिहिला. यात कष्ट दुप्पट, पण विचारणाऱ्याला दाखवायला कागद हाताशी.

उघडून पाहणाऱ्या प्रत्येकाला चोर म्हणणारेही मला पटत नाहीत. फोक्सवॅगनचं घ्या, कारखाना आपल्या चाकणलाच. डिझेल गाडीची चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर स्वच्छ करणारं सॉफ्टवेअर कंपनीने वापरलं, हे सप्टेंबर 2015 मध्ये बाहेर आलं. संशय आला होता रस्त्यावरच्या मोजणीतून. त्याच डिसेंबरमध्ये फेलिक्स डोम्के या तंत्रज्ञाने इंजिन कंट्रोल युनिटमधला कोड उलगडून ती लबाडी चालते कशी, ते हॅम्बुर्गमधल्या एका परिषदेत दाखवलं. भारतातही फोक्सवॅगन समूहाच्या सुमारे सव्वातीन लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. गंमत अशी, की त्याच वर्षी जुलैमध्ये अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानेच गाडीचं सॉफ्टवेअर उघडायला कॉपीराइट कायद्यातून सूट देऊ नका, असं लेखी कळवलं होतं.

माझ्या मते खरा धोका तयार प्रोग्राममधून कोड उलगडणाऱ्या डिकम्पायलरपेक्षा पेनड्राइव्हमध्ये आहे. जुन्या कंपनीतून निघताना आणलेला सोर्स कोड, जुन्या मित्राकडून "फक्त वाचायला" मागवलेली फाइल, ग्राहकाकडच्या मशीनमधून गुपचूप काढलेलं फर्मवेअर. यात अभियांत्रिकी कुठे आहे? ही विश्वासाची चोरी आहे. करार कायद्याचं 27 वं कलम तुम्हाला स्पर्धकाकडे नोकरी करू देतं. जुन्या मालकाची गुपितं विकू देत नाही. कौशल्य तुमचं, फाइल त्यांची.

म्हणून काम हाती घेण्याआधी ती प्रत आली कुठून ते विचारा, लायसन्स वाचा आणि रोजची नोंद ठेवा. शंका आली तर कंपनीच्या वकिलांचं उत्तर लेखी घ्या. ते द्यायला कुणी तयार नसेल, तर त्या कामाला सरळ नाही म्हणा.