जातकातलं हरीण चालू लागलं

1957 साली मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनने ‘द बनियन डिअर’ हा कार्टूनपट काढला. गोष्ट जातकातली, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या कथांमधली. गाभण हरिणीसाठी स्वतःची मान पुढे करणारा हरणांचा राजा! अजिंठ्याच्या भिंतींवर रंगलेल्या जातककथा आता पडद्यावर हलू लागल्या.

अ‍ॅनिमेशन शिकवायला डिस्नेचे अ‍ॅनिमेटर क्लेअर वीक्स आले होते. त्यांच्या हाताखाली राम मोहन यांच्यासारखे भारतीय अ‍ॅनिमेटर तयार झाले.

पडद्यावरच्या एका सेकंदाला 24 चौकटी लागतात. तेव्हा या कामाला संगणक नव्हता. चित्रं हाताने काढायची, पारदर्शक सेल्युलॉइडवर गिरवायची, रंगवायची आणि एकेक करून कॅमेऱ्याखाली ठेवायची. ती मेहनत रेषेरेषेत दिसते, आणि गोडवाही तिथलाच.

अकोले तालुक्यात आजीकडून कोल्ह्या-हरणांच्या गोष्टी ऐकत वाढणाऱ्या मुलांना शाळेत हा चित्रपट जरूर दाखवावा.